यशराजला माफी, गहिनीला चपला

टाळ जरा थांबवा. मृदंगवाले महाराज, तुम्हीही हात पुसून घ्या. मायबाप मंडळी, आता आख्यानाला हात घालतो. पण त्याआधी एक प्रश्न. उत्तर लगेच देऊ नका — लगेच उत्तर द्यायची सवय तुम्हाला मोबाईलनं लावलीय, ती आजच्या दिवस खिशात ठेवा.

प्रश्न असा — माफी कोणाला द्यायची? ज्यानं गुन्हा केला, कबूल केला, भोगून आला, त्याला? की ज्याचं लहानपण आपण पाहिलंय, ज्याच्या डोळ्यांतलं पाणी अगदी जवळून बघितलंय, त्याला?

पहिल्याला म्हणताय? वा! किती चटकन म्हणालात! त्या गावातल्या लोकांना विचारलं असतं तर त्यांनीही हेच सांगितलं असतं. मान डोलावून सांगितलं असतं. आता ऐका.

एक गाव. नाव विचारू नका, त्या गावात मला पुन्हा कीर्तनाला जायचंय. गाव सज्जन. दरवर्षी नामसप्ताह, सात दिवस पंगत, सात दिवस अखंड वीणा. आणि बाकीचे दिवस काय? बाकीचे दिवस अखंड सिरियल! रोज रात्री नऊ वाजता ‘काळा पंचनामा’. हसू नका, मागच्या खांबाजवळच्या ताई. तुम्ही काय बघता ते मी विचारलेलं नाही.

या ‘काळा पंचनामा’त एक खुनी होता, यशराज नावाचा. रेशमी शर्ट, बारीक दाढी, आवाज असा की समोरच्याला मारायच्या आधी त्याची आईसारखी चौकशी करायचा. अकरा खून केले गड्यानं! आणि त्याच्या मागे इन्स्पेक्टर रणदिवे. बिचारा साधा माणूस. शर्टाला घामाचा डाग, घरी जायला उशीर, जेवण थंड. गावाला कोण आवडायचं? बोला ना! — यशराज! रणदिवेचं नाव निघालं की लोक म्हणायचे, त्याच्यात काही दम नाही, त्याला काही गोष्टच नाही. खरंय. रोज प्रामाणिकपणे कामावर जाणाऱ्या माणसाची कसली आलीय गोष्ट!

सुरुवातीला गाव यशराजच्या विरोधात होतं बरं का. पण मग लेखकानं त्याचं लहानपण दाखवलं. बाप दारू पिऊन यायचा आणि पोराला गोठ्यात कोंडायचा. गाईच्या अंगाला चिकटून झोपलेलं ते पोर — अहो, अख्खा महिना तेच! गावात बाया पदर डोळ्यांना लावून भाकरी थापायच्या. त्या महिन्यात यशराजचे आधीचे सगळे खून धुऊन निघाले आणि पुढच्या खुनांना आगाऊ परवानगी मिळाली.

गावात या सिरियलचा एक ग्रुप होता मोबाईलवर. त्याचे प्रमुख अंकुशराव. हेच अंकुशराव सप्ताह समितीचे अध्यक्ष. म्हणजे देवाचं आणि यशराजचं, दोघांचंही खातं एकाच माणसाकडे. अंकुशराव सकाळी दुधाच्या रांगेतच निकाल द्यायचे. पहिले शंभर भाग म्हणजे सोनं. मग यशराजचा जुळा भाऊ आणला तिथं सिरियल घसरली. पोस्टमनचं उपकथानक उगाच लांबवलं. देशमाने सर म्हणून शाळेतले गुरुजी होते, ते याच्याही वरचे. ते म्हणायचे, लेखकाची पात्रांवरची पकड सुटली. सरांच्या वर्गात मागच्या बाकावर पोरं पत्ते खेळायची, पण पकड लेखकाची सुटली होती!

आणि सगळ्यांचा राग कोणावर? नेत्रावर. नेत्रा ही यशराजची बायको. तिनं कोर्टात नवऱ्याविरुद्ध साक्ष दिली. झालं! गाव खवळलं. असली कसली बायको? तिचं पात्रच उभं राहिलं नाही, तिला नीट लिहिलंच नाही, तिला मध्येच मारायला हवं होतं. अकरा खून करणारा समजून घ्यायचा, आणि खरं बोलणारी मारायची! मंडळी, मी काही बोलत नाही, मी फक्त गोष्ट सांगतोय.

एकदा ओट्यावर असाच वाद रंगलेला असताना सुंदराबाई तिथून चालल्या होत्या. सुंदराबाई म्हणजे भागवतच्या विधवा. भागवत कोण, ते आता सांगतोच. कोणीतरी गमतीनं विचारलं, मावशी, तुमचं काय मत, नेत्रानं बरोबर केलं का? सुंदराबाई क्षणभर थांबल्या आणि म्हणाल्या, की ज्यांची माणसं मेली त्यांच्या घरी कोणी गेलं का हो त्या सिरियलीत? एवढंच. मग अंकुशराव हसून म्हणाले की मावशी, तुम्हाला सिरियल कळत नाही. सुंदराबाई गेल्या निघून.

आता भागवतचं. सात-आठ वर्षांमागची गोष्ट. पाटाच्या पाण्याची पाळी होती. भागवत आणि गहिनीनाथ, दोघांची रानं शेजारी. गहिनीनाथ म्हणजे आपला गहिनी, सगळं गाव त्याला गहिनीच म्हणायचं. पाणी कोणी आधी फोडलं यावरून दोघांची जुंपली. शब्दाला शब्द वाढला आणि गहिनीनं हातातलं फावडं उलटं करून दांड्यानं मारलं. भागवत मागे पडला तो पाटाच्या तोंडाशी असलेल्या दगडावर. उठलाच नाही.

गहिनी पळाला नाही. जुळा भाऊ आणला नाही. पुरावा जाळला नाही. भागवतचं डोकं मांडीवर घेऊन तिथंच चिखलात बसून राहिला, लोक येईपर्यंत. कोर्टात विचारलं तेव्हा म्हणाला, होय, माझ्या हातून झालं. यशराजनं तीनशे भागांत हे वाक्य एकदाही म्हटलं नव्हतं, पण ते असो. गहिनीला शिक्षा झाली, त्यानं ती भोगली आणि तो गावात परत आला. त्याचं लहानपण कोणी दाखवलं नाही. त्याला रेशमी शर्ट नव्हता. त्यामुळे गावानं काय केलं? काहीच केलं नाही! तो समोरून आला की लोकांना पलीकडच्या बाजूला काहीतरी महत्त्वाचं दिसायचं.

सप्ताह जवळ आला. समितीची बैठक बसली. गहिनी दारात येऊन उभा राहिला, हात जोडून. म्हणाला, मला वीणेचा एक पहारा द्या. एकच. कोणत्याही वेळेचा.

मंडळी, वीणेचा पहारा म्हणजे काय हे तुम्हाला काय सांगायचं! सात दिवस वीणा खाली टेकवायची नाही. ज्याच्या गळ्यात वीणा, तो उभा. पुढचा येतो, आधी उभ्या असलेल्याच्या पाया पडतो. मग हा आपल्या गळ्यातली वीणा त्याच्या गळ्यात घालतो आणि त्याच्या पाया पडतो. लहान-मोठा नाही, श्रीमंत-गरीब नाही. आणि मंडपात पाऊल टाकणारा प्रत्येक जण आधी वीणेकऱ्याच्या पायावर डोकं ठेवतो.

आता कळलं ना घोडं कुठं अडलं? गहिनीनं वीणा धरायला कोणाचीच हरकत नव्हती हो! अडचण एकच. त्याच्या गळ्यात वीणा घातली, की त्याच्या पाया पडावं लागणार!

अंकुशराव गोड बोलले. आपली काही हरकत नाही, पण लोक काय म्हणतील, सुंदराबाईंना काय वाटेल. सुंदराबाईंना विचारलं होतं का? छे! त्यांना सिरियल कळत नव्हती ना. शेवटी समितीनं मोठं मन करून गहिनीला सेवा दिली. कोणती? मंडपाबाहेर चपला लावायची. म्हणजे त्यानं गावाच्या पायातल्याला हात लावायचा, गावानं त्याच्या पायाला नाही. गहिनी बरं म्हणाला आणि गेला.

तो गेला आणि त्याच बैठकीत पुढचा विषय निघाला. यशराजला फाशी होणार अशी बातमी फुटली होती! देशमाने सरांनी मजकूर सांगितला आणि अंकुशरावांनी वाहिनीला मेसेज पाठवला. ‘माणूस चुकतो. त्याला सुधारायची एक संधी मिळालीच पाहिजे. आमच्या गावाची एकमुखानं विनंती.’ एकमुखानं! मघाशी गहिनीला नाही म्हणालेलं हेच ते मुख!

आणि योग बघा. त्या सिरियलचा शेवटचा मोठा भाग आला तो सप्ताहातल्याच रविवारी, दुपारी बारा ते दोन. समितीनं तोड काढली. शेजारच्या हॉलमध्ये मोठा पडदा लावला. कोणी विचारलं तर? तर म्हणायचं, भाविकांची सोय. बारा वाजता मंडप असा रिकामा झाला की टाळ तिथल्या तिथं सतरंजीवर. पखवाजवाला गेला, पेटीवाला गेला. पेटीवाले बुवा, मी तुमच्याबद्दल बोलत नाहीये, मान वर करा.

राहिलं कोण? स्वयंपाकाच्या छपराखाली डाळ निवडत बसलेल्या सुंदराबाई. बाहेर चपलांपाशी गहिनी. आणि मधोमध वीणा घेऊन उभे तात्याबा. तात्याबा गावातले सगळ्यात जुने वीणेकरी, पिकलं पान. दहापासून उभे होते. बारा वाजता त्यांच्याकडून वीणा घ्यायची पाळी कोणाची? अध्यक्षांची. अंकुशरावांची!

अंकुशरावांनी निरोप पाठवला, जाहिरात लागली की येतो. जाहिरात लागली. एक लागली, दुसरी लागली. पण प्रत्येक जाहिरातीत नेत्राचं चुकलं की बरोबर, यावर बोलायला माणूस लागतोच ना! अंकुशराव काही आले नाहीत. इकडे तात्याबांचे पाय लटपटायला लागले. त्यांनी हाक दिली, कोण आहे का बाहेर? बाहेरून आवाज आला, मी आहे तात्या, गहिनी.

“मग ये आत,” तात्याबा म्हणाले.

“माझी पाळी नाही, तात्या.”

“ज्याची आहे तो पडद्यापुढं बसलाय. मी पडलो तर वीणा माझ्यासंगं खाली येईल. तुला चालेल का ते?”

गहिनीनं हातपाय धुतले. आत आला. तात्याबांच्या पाया पडला. तात्याबांनी वीणा काढून त्याच्या गळ्यात घातली आणि रीतीप्रमाणे वाकायला लागले. गहिनी एकदम दोन पावलं मागे सरला. तात्याबा तसेच अर्धे वाकलेले, कमरेला हात लावून म्हणाले, “सरकू नको रे. मला पुन्हा वाकायला जमायचं नाही.” आणि त्यांनी त्याच्या पायांना हात लावला.

मंडळी, तुरुंगातून आल्यापासून त्या माणसाला कोणी हात लावला नव्हता. खांद्याला नाही, हाताला नाही. पहिला हात लागला तो पायाला! गहिनी तोंडानं नाम घेत होता आणि डोळ्यांतून धारा लागल्या होत्या. पुसणार कसा? दोन्ही हात वीणेला.

इकडे हॉलमध्ये काय झालं? यशराजला फाशी! अहो, काय तो आकांत! रणदिवेला कोणी शिव्या दिल्या, लेखकाला कोणी दिल्या. देशमाने सर म्हणाले, तीनशे भाग घडवलेलं पात्र असं संपवायचं नसतं, त्याच्या प्रवासाला शेवट मिळाला नाही. एका बाईंनी तर त्या दिवशी पंगतीला बसायचं नाही असं ठरवलं, सुतक म्हणून! तर असा हा सगळा लोंढा, नाकं ओढत, भांडत, मंडपाकडे निघाला.

बाहेर आज चपला लावायला कोणी नव्हतं. कोणाच्या लक्षात आलं? कोणाच्याच नाही. ढीग पडला. आणि एकेक जण आत शिरला, शिरला तसा सवयीनं वाकला. बोलणं यशराजचं, हात वीणेकऱ्याच्या पायाला! एक पडला, दुसरा पडला. बाया पडल्या. मग आले अंकुशराव. त्यांनी तर नुसता हात नाही लावला. समितीचे अध्यक्ष, शिवाय पाळी चुकवलेली, मनात टोचणी. त्यांनी पूर्ण कपाळ टेकवलं. कपाळ गहिनीच्या पायावर आणि तोंडानं चाललेलं, “एक संधी द्यायला पाहिजे होती हो त्याला, एक संधी.”

आणि मागून देशमाने सरांनी चष्मा पुसून वर बघितलं.

मंडपात अशी सामसूम झाली की एकट्या गहिनीचं नाम आणि बाहेरच्या कढईतलं रटरटणं ऐकू यायला लागलं. अंकुशराव वाकलेले, ते वर बघेनात. कारण वर बघितलं तर काय दिसणार हे त्यांना त्या शांततेवरूनच कळलं होतं. शेवटी उठले. गहिनी नाम घेत उभा होता, मान खाली घालून, जसं काही चूक त्याचीच होती.

आता पुढं? दोन वाजून गेले होते. पुढची पाळी देशमाने सरांची. सरांना एकदम रक्तदाब आठवला. दुसरा म्हणाला, माझं आत्ताच जेवण झालंय. तिसरा म्हणाला, एवढी वीणा खुर्चीवर ठेवली, खाली मखमल अंथरली, तर काय होतंय? कोपऱ्यातून तात्याबा म्हणाले, ठेवा की, फक्त आधी मला उचलून घरी नेऊन टाका. तीनशे भागांतल्या प्रत्येक माणसावर मत असलेलं गाव, पण त्या गावाला समोरच्या एका माणसाचं काय करावं हे सुचेना! न बघता पाया पडले होते तोवर ठीक होतं. आता बघून पडायचं होतं.

तेवढ्यात गर्दी बाजूला झाली. सुंदराबाई आल्या. हात ओले, पदराला पुसत. त्यांची पाळी चारची होती, त्या गावात बायकाही पहारा देतात. त्या सरळ गहिनीसमोर जाऊन उभ्या राहिल्या. पहिल्यांदा तो घाबरलेला दिसला.

“वहिनी, तुम्ही नका वाकू,” तो म्हणाला. “मी उभा राहतो. संध्याकाळपर्यंत राहतो. उद्यापर्यंत राहतो.”

सुंदराबाई म्हणाल्या, “गहिनी, मी तुला माफ केलेलं नाही. करीन का, ते मला ठाऊक नाही, आणि ते या लोकांनी मला विचारायचं नाही. पण माणूस उभा आहे आणि पुढचा येत नाही, एवढं मला दिसतंय.”

आणि त्या वाकल्या. भागवतची बायको, गहिनीच्या पायाशी! गहिनीनं वीणा काढली, त्यांच्या गळ्यात घातली आणि मग तो वाकला. वाकला तो उठेना. हुंदका नाही, आवाज नाही, नुसती पाठ हलत होती. सुंदराबाईंनी नाम सुरू केलं. मग मध्येच थांबून खाली बघून म्हणाल्या, “ऊठ आता. उद्या तुझी पाळी किती वाजता, ते यांना विचारून घे.”

गहिनीनं मान वर करून अंकुशरावांकडे बघितलं. अख्ख्या मंडपानं अंकुशरावांकडे बघितलं. अंकुशराव म्हणाले, दहा ते बारा. कधी नव्हे ते एका दमात निर्णय! काय करतील? कपाळाला अजून गहिनीच्या पायाची माती होती.

तुम्हाला वाटलं असेल, आता गाव सुधारलं. अहो, कुठलं! त्याच संध्याकाळी ग्रुपवर चर्चा सुरू झाली. यशराजच्या शेवटावर नाही, सुंदराबाईंच्या वागण्यावर. कोणी म्हणालं, वाकल्या ते ठीक, पण माफ केलं नाही हे सगळ्यांसमोर बोलायला नको होतं. कोणी म्हणालं, तिनं रडायला हवं होतं, तर पटलं असतं. देशमाने सरांनी लिहिलं, शेवट जरा घाईत उरकला. बाईनं ज्या दुःखात वर्षं काढली, त्याला यांनी गुण दिले! मला राग येतो मंडळी. कीर्तनात येऊ नये, पण येतो.

तर माझा प्रश्न तिथंच आहे. गोठ्यातलं पोर दाखवलं की तुम्हाला पाझर फुटतो. मग तुमच्या आळीतल्या माणसाला कोण दाखवणार? त्याच्यामागे कोण वाजवणार ते सारंगीचं संगीत? त्याचा भाग नऊ वाजता लागत नाही हो. तो दिवसभर तुमच्यासमोर चालू असतो, आणि तुम्हाला पलीकडच्या बाजूला काहीतरी दिसतं. आणि जिचं माणूस गेलंय, तिच्या घरी कधी गेलात? की तिला नुसतंच विचारलं, मावशी, तुमचं काय मत?

आता शेवटचं सांगतो आणि बसतो. मघाशी तुम्ही सगळे या मंडपात आलात. आल्या आल्या माझ्यामागं उभ्या असलेल्या या वीणेकऱ्याच्या पाया पडलात. सगळे पडलात, मी बघत होतो. पाटील पडले, ताई पडल्या, हे पुढचे पांढरी टोपीवाले तर दोनदा पडले. किती जणांनी त्याच्या तोंडाकडे बघितलं? हात वर करा. — बघा! एकही नाही.

हा कोण, कुठला, यानं काय केलंय, काय भोगलंय, हे मी सांगणार नाही. मी सांगितलं की तुम्ही मत बनवाल. पण याचा पहारा संपत आलाय. पुढची पाळी कोणाची आहे?

तुमची? या, पुढे या. असं खाली मान घालून नका येऊ. आधी तोंड बघा, मग वाका.